खालच्या फांद्यांची छाटणी: एका बागकामाचा इतिहास

मोकळ्यावर वाढलेले झाड आपल्या खालच्या फांद्या सहजी सोडत नाही. आंबा असो, चिंच असो की युरोपातला ओक, मोठे झाड एकटे असले की त्याचा घेर वर्षागणिक खाली उतरतो आणि बुंधा दिसेनासा होतो. दाट रानात नेमके उलटे घडते. शेजारच्या झाडांची सावली पडली की खालच्या फांद्यांना पुरेसा उजेड मिळत नाही. त्यांची पाने स्वतःच्या पोषणापुरतेही अन्न तयार करू शकत नाहीत. फांदी वाळते, कुजते आणि एखाद्या वादळी पावसात गळून पडते. रानातली सरळसोट, उंच खोडे अशीच घडतात. बागेत झाडाला मुद्दाम जागा दिलेली असते, त्यामुळे तिथे ही गळ होत नाही आणि ते काम माणसाला हाती घ्यावे लागते. खालच्या फांद्या काढून घेर वर उचलला की झाडाखाली ऊन पोचते, हवा खेळते, हिरवळ आणि फुलझाडे तग धरतात, वाट मोकळी होते आणि झाडापलीकडचे पाणी किंवा टेकडी नजरेच्या टप्प्यात येते. बागेचे हे सारे भले झाडावर एक जखम करूनच साधायचे असते. ती जखम नेमकी कुठे करावी, हे कळेपर्यंत विसावे शतक सरत आले होते.

छाटणीचे हत्यार मात्र फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला आजच्या स्पेनमधल्या कादिसचा. शेतीवरच्या आपल्या बारा भागांच्या ग्रंथात त्याने द्राक्षवेल छाटण्याच्या सुरीचे बारकाईने वर्णन केले आहे. या एकाच हत्याराला सहा अंगे होती आणि प्रत्येकाला वेगळे नाव होते. मुठीजवळची धार सरळ, पुढे बाकदार पोट, त्यापुढे कापलेली जागा तासून गुळगुळीत करण्याची धार, टोकाला आकडीसारखी वळलेली चोच, तिच्या पुढे अणकुचीदार टोक आणि पाठीवर छोट्या कुऱ्हाडीसारखे पाते. कापण्याइतकेच कापलेली जागा साफ करण्याला महत्त्व होते, हे या रचनेवरूनच दिसते. भारतात सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय लिहिला. रोगट झाडाचा बिघडलेला भाग आधी शस्त्राने साफ करावा, त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि मग दूध मिसळलेले पाणी घालावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. कापल्यावर लेप लावायचा, ही कल्पना पुढे दीड हजार वर्षे टिकून राहिली.

या ग्रंथांमधली छाटणी फळासाठी किंवा रोगासाठी होती. नजर मोकळी व्हावी म्हणून झाडाचा घेर उचलण्याची कल्पना वेगळ्या वाटेने आली, आणि तिची सुरुवात माणसाने केली नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीपासून सरदारांनी शिकारीसाठी कुंपण घातलेली हरणांची राने राखली. हरणे, गुरे आणि घोडे मान उंचावून जिथवर तोंड पोचेल तिथवरचा पाला खातात. त्यामुळे अशा रानातल्या प्रत्येक झाडाचा घेर खालून एकाच उंचीवर तोडल्यासारखा दिसतो आणि ती रेषा जमिनीच्या चढउताराला समांतर राहते. हरणांची रेषा खाली असते, गुरांची साधारण सहा फुटांवर, घोड्यांची त्याहून वर. ज्यांना झाडापासून जळण हवे असे, ते बुंधा दोन-तीन मीटरवर छाटत आणि तिथून नवे फुटवे घेत, म्हणजे कोवळा पाला जनावरांच्या तोंडी लागत नसे. महाराष्ट्राच्या माळरानावरही बोर-बाभळींवर शेळ्यांनी आखलेली अशी रेषा पाहायला मिळते. तिच्या वरचा पाला मेंढपाळ लांब काठीच्या आकडीने खाली ओढतात.

अठराव्या शतकात जनावरांनी आखलेली ही रेषा उद्यानकलेत शिरली. लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) याने इंग्लंडमधल्या मोठ्या इस्टेटींवरच्या भौमितिक बागा मोडून थेट वाड्याच्या पायरीपर्यंत कुरण आणले. गुरे-मेंढ्या दिसाव्यात पण दारात येऊ नयेत, म्हणून मध्ये खोल चर खणला जाई. दुरून तो दिसत नसे. चरणाऱ्या जनावरांमुळे झाडांचे खालचे पान शिल्लक राहत नसे आणि बुंध्यांमधून गवताचा पट्टा दूरवर दिसत राही. इंग्रजी उद्यान म्हणून जगभर ओळखले जाणारे दृश्य ते हेच. ते निसर्गाने दिलेले नव्हते, जनावरांच्या दातांनी घडवलेले होते. जिथे जनावरे नव्हती, तिथे तसेच दृश्य उभे करायला माळ्याला कोयता हाती घ्यावा लागला.

ब्राउननंतर हा वारसा हम्फ्री रेप्टनकडे (१७५२–१८१८) आला. व्यापारात जम न बसलेला हा माणूस १७८८ मध्ये बागरचनाकार झाला. प्रत्येक ग्राहकासाठी तो हाताने लिहिलेली, जलरंगात चितारलेली वही तयार करी. लाल चामड्याच्या बांधणीमुळे त्या वह्या ‘रेड बुक्स’ म्हणून ओळखल्या जातात. वहीतल्या चित्रावर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप खाली असताना बाग आहे तशी दिसे आणि उचलली की होऊ घातलेली बाग समोर येई. अशा वह्या पाहताना एक गोष्ट लक्षात येते. झडप उचलल्यावर नेहमीच काही नवे उगवलेले नसते, पुष्कळदा काहीतरी नाहीसे झालेले असते. तळे झाकणाऱ्या फांद्या, टेकडीची कड लपवणारे एखादे झाड. लावलेले रोप डेरेदार व्हायला एक पिढी जाते, फांदी काढल्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसतो. मालकाला आपल्या हयातीत बदल पाहायचा असे, आणि रेप्टनला ते चांगले ठाऊक होते. जनावरांनी आखलेल्या रेषेचाही त्याने बारकाईने विचार केला. गाईची उंची सर्वांच्या परिचयाची असल्याने ती रेषा पाहणाऱ्याच्या डोळ्याला मोजपट्टी पुरवते. तिच्यावरून झाड किती मोठे आणि किती लांब आहे, याचा अंदाज येतो.

सगळ्यांना हे रुचले नाही. हर्फर्डशरमधला जमीनदार युव्हडेल प्राइस याने १७९४ मध्ये रमणीयतेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याचा मित्र रिचर्ड पेन नाइट याने याच विषयावर एक दीर्घ काव्य छापले. ब्राउनच्या अनुयायांनी झाडांखालची झुडपे, काटेरी जाळ्या आणि वेडीवाकडी वाढ साफ करून जमीन तासून टाकली, असा दोघांचा आक्षेप होता. सगळे एका नजरेत दिसू लागले की पुढे जाऊन पाहण्याजोगे काही उरत नाही, ही प्राइसची बाजू आजही पटते. सर्व झाडांचा घेर सरसकट एकाच उंचीवर उचललेली बाग उजेडाची होते, पण तिच्यातली खोली हरवते. जमिनीला टेकलेली एखादी फांदी राखून शेजारच्या झाडाखालून नजर पलीकडे जाऊ देणे, ही त्या वादातून उमजलेली गोष्ट चांगले बागरचनाकार अजून पाळतात.

बागेतला हा वाद रंगण्याच्या कितीतरी आधीपासून खालच्या फांद्यांचा दुसरा हिशेब लाकडाच्या बाजारात चालला होता. सतराव्या शतकात इंग्लिश आरमाराला ओकची चणचण भासू लागली, तेव्हा जॉन इव्हलिनने रॉयल सोसायटीपुढे वृक्षलागवडीवर निबंध वाचला. १६६४ मध्ये तो ‘सिल्वा’ या नावाने ग्रंथरूपात आला. फांदी खोडावर राहिली की तिच्याभोवती लाकडाचे थर चढत जातात आणि फळीत गाठ पडते. फांदी वाळून मग लाकडात गाडली गेली तर ती गाठ सुटून पडते आणि फळीला भोक राहते. म्हणून फळ्यांसाठी लहानपणीच खालच्या फांद्या काढलेले झाड हवे. पण जहाजाला फळ्यांइतकीच बाकदार लाकडांची गरज असते. डेक आणि बाजू यांच्या सांध्यात बसवायचे काटकोनी तुकडे मोकळ्यावर वाढलेल्या ओकच्या जाड, खालच्या फांदीच्या बेचक्यातूनच निघत. एकाच आरमाराला छाटलेलीही झाडे लागत आणि न छाटलेलीही. लोखंडी सांधे आले तशी या बेचक्यांची मागणी ओसरली आणि छाटणीवाल्यांचे पारडे जड झाले.

यॉर्कशरमधला रोपवाटिकाकार विल्यम पाँटी याचे ‘द फॉरेस्ट प्रूनर’ हे पुस्तक १८०५ मध्ये निघाले. खुंट मुळीच ठेवू नये, फांदी खोडालगत कापावी, हा त्याचा आग्रह होता. खुंट ठेवण्याला त्याने केलेला विरोध रास्त होता. हातभर राहिलेला खुंट वाळतो, त्यावर नवी साल चढू शकत नाही आणि कुज आत उतरायला वाट मिळते. पण ‘खुंट नको’ या म्हणण्यातून ‘खोडाच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट काप’ असा नियम तयार झाला, आणि घोटाळा तिथेच झाला.

फ्रान्समध्ये हा नियम शास्त्राच्या थाटात मांडला गेला. एन प्रांतातल्या पिनों इथल्या आपल्या रानात व्हायकाउंट द कूर्वाल याने ही पद्धत वापरली आणि १८६१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. तीन-चार वर्षांत काउंट दे कार याची छोटी पुस्तिका आली आणि तिने द कूर्वालची पद्धत सर्वदूर नेली. पुस्तिका खिशात मावेल एवढी, भाषा रानात काम करणाऱ्या माणसाला कळेल अशी, आणि सोबत एक साधे साधन. पातळ फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला नीट छाटलेल्या झाडाच्या आकाराचे भोक पाडायचे. झाडापासून ठरावीक अंतरावर उभे राहून ते भोक डोळ्यासमोर धरायचे आणि मागेपुढे सरकत झाड त्यात बसवायचे. भोकाबाहेर जे राहील ते काढायचे. दे कारने त्याला ‘डेन्ड्रोस्कोप’ असे नाव दिले. झाडाखाली उभे राहून वर पाहणाऱ्याला पूर्ण आकार कधीच दिसत नाही, तो दुरूनच दिसतो, हे त्याला कळले होते. करवत लावण्याआधी माणसाला झाडापासून लांब उभे करणारे हे साधन आजही कुणी वापरले तर फायद्याचेच ठरेल.

दे कारचा दुसरा आग्रह डांबराचा होता. शहरांत कोळशाच्या वायूवर दिवे जळू लागले होते आणि त्या वायूच्या कारखान्यांतून दगडी कोळशाचे डांबर मुबलक आणि स्वस्त मिळे. सपाट कापलेल्या जागेवर ते फासले की पाणी आणि कुज आत शिरत नाही, असा समज होता. बोस्टनमधल्या आर्नोल्ड आर्बोरेटमचा पहिला संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट याने १८८१ मध्ये या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तिथून सपाट काप आणि त्यावर डांबर ही जोडी अमेरिकेतल्या बागांत आणि रस्त्यांवर पोचली.

इतकी अनुभवी माणसे चुकली कशी, याचे उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोरच होते. सपाट काप दिला की जखमेच्या दोन्ही कडांनी नव्या सालीचे जाड ओठ जोमाने वर येतात. एकदोन वर्षांत ते स्पष्ट दिसतात आणि झाड भराभर बरे होत असल्याची खात्री पटते. प्रत्यक्षात हा जोर जखम मोठी असल्याचा पुरावा असतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगवटा असतो. सपाट कापात फांदीबरोबर हा फुगवटाही, म्हणजे खोडाचा स्वतःचा भाग, निघून जातो. जखम फांदीच्या जाडीपेक्षा मोठी आणि लांबट होते. ओठ वाढतात ते बाजूंनी. वर आणि खाली मात्र साल मागे हटते आणि तिथून लाकूड सडायला लागते. वरून जखम मिटलेली, आत ढोली. आत पाहायचे तर झाड उभे चिरावे लागते, आणि निरोगी दिसणारे झाड चिरून पाहायला कोण तयार होणार?

फांद्या काढल्याने खोडाच्या घडणीवर काय परिणाम होतो, हे त्या काळात जपानमधल्या क्योटोच्या उत्तरेकडच्या कितायामा खोऱ्यात युरोपापेक्षा चांगले ठाऊक होते. मुरोमाची काळापासून तिथे सुगी या सूचिपर्णी झाडाची खोडे खांबांसाठी वाढवली जात आणि चहाघरांच्या साध्या बांधणीत त्यांना मान मिळाला. कामगार झाडावर चढून खालपासून वरपर्यंत फांद्या काढत जातात आणि फक्त शेंड्याचा झुपका ठेवतात. पाने कमी राहिल्याने झाड सावकाश वाढते, वलये एकमेकांना चिकटून बसतात आणि बुडापासून वरपर्यंत खोडाची जाडी जवळजवळ सारखी राहते. साल काढलेले खोड मग बारीक वाळूने घासून गुळगुळीत केले जाते. कारागिराला हाच गुण हवा असतो. बागेतल्या झाडाला तो घातक ठरतो. खालच्या फांद्यांची पाने तयार करतात ते अन्न मुख्यतः त्यांच्या खालच्या खोडाला मिळते आणि त्यामुळे बुंधा बुडाशी रुंद होतो. त्या फांद्या लवकर गेल्या तर खोड सडपातळ राहते, घेराचे सगळे वजन उंचावर जमते आणि वाऱ्यात झाड बुडाशी ताण घेते. कितायामात झाडे दाटीने उभी असतात आणि एकमेकांना आडोसा देतात, अंगणातल्या एकट्या झाडाला तो आधार नसतो.

सार्जंटचे भाषांतर निघाले त्याच दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फांद्या तोडण्याचा प्रश्न बागेचा राहिला नव्हता, पोटाचा झाला होता. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचा तरवा टाकण्यापूर्वी जमीन भाजण्याची, म्हणजे राबाची चाल आहे. ऐन, किंजळ अशा झाडांची कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून वाळवायची, शेण, गवत आणि पालापाचोळ्याबरोबर ती वाफ्यावर पसरायची, वर मातीचा हलका थर द्यायचा आणि पावसाआधी पेटवायची. त्याने तण आणि किडी मरतात आणि राखेचे खत मिळते. कवळ वरकस जमिनीतून आणि जवळच्या रानातून येई. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारने राखीव रानांत फांद्या तोडण्यावर बंधने आणली आणि शेतकऱ्यांमध्ये असंतोष पसरला. त्याची चौकशी करायला मुंबई सरकारने १८८५ मध्ये आयोग नेमला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्यातला कळीचा मुद्दा होता. वन खात्याला वर्षानुवर्षे तोडलेल्या ऐनाचे खुरटे, गाठाळ खोड दिसत होते, शेतकऱ्याला त्याच झाडापासून दरसाल मिळणारी फांदी दिसत होती. सरकारी कागदांनी राबाकडे पुष्कळदा निव्वळ नासाडी म्हणून पाहिले, आणि हा दृष्टिकोन अन्यायाचा होता. ऐन पुन्हा फुटतो हे शेतकरी पिढ्यान् पिढ्या जाणून होता. त्याने झाड मारले असते तर पुढच्या वर्षीचा तरवा त्यालाच मिळाला नसता.

युरोपात याच सुमारास लाकूड का सडते, याचा उलगडा होत होता. सडलेल्या लाकडातून बुरशी निपजते, असा जुना समज होता. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग (१८३९–१९०१) याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात तो उलटा केला. बुरशी आधी शिरते आणि तिच्यामुळे लाकूड सडते, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. बुरशीला वाट मिळते ती बहुधा जखमेतून, आणि छाटणी ही जखमच. हा शोध लागला तरी व्यवहार बदलला नाही. उलट जखम आणखी कडेकोट बंद करण्याकडे कल वाढला. अमेरिकेत जॉन डेव्ही याने १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ लिहिले आणि झाडांवर उपचार हा स्वतंत्र धंदा म्हणून उभा राहिला. सडका भाग खरवडून ढोली सिमेंटने भरणे हे त्या धंद्याचे नावाजलेले काम होते. पण खरवडताना झाडाने कुजीभोवती स्वतःच उभारलेली भिंत फुटे आणि कुज ताज्या लाकडात पसरे. त्या माणसांना झाडांविषयी खरी कळकळ होती, म्हणूनच हा भाग वाचताना वाईट वाटते.

उत्तर अखेर झाडे उभी चिरूनच मिळाले. ॲलेक्स शिगो (१९३०–२००६) हा १९५९ मध्ये अमेरिकेच्या वन सेवेत दाखल झाला. एका माणसाला चालवता येईल अशी साखळी-करवत तेव्हा नुकतीच हाती येऊ लागली होती. त्याआधी लाकूडतोड्यांना झाड आडवे कापणे सोपे होते, लांबीत चिरणे कष्टाचे. शिगोने हजारो झाडे लांबीत चिरली आणि जखम, फांदी व कुज यांचे नाते आतून पाहिले. त्याला दिसले ते असे. झाडाची जखम जनावराच्या जखमेसारखी भरून येत नाही, सडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी कधीच येत नाहीत. झाड बाधित भाग आतल्या आत कोंडते. वरखाली रसवाहिन्या बुजवते, आतल्या बाजूला वलयांचा आणि दोन्ही अंगांना लाकडातल्या आडव्या किरणांचा अडसर करते. जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या कडेला चौथी भिंत उभी राहते आणि तीच सर्वांत मजबूत असते. हे प्रतिपादन शिगो आणि त्याचा सहलेखक मार्क्स यांच्या १९७७ च्या पत्रिकेत आले, आणि ‘कोडिट’ या त्याच्या आद्याक्षरी नावाने ते झाडांच्या अभ्यासात पक्के बसले.

फांद्यांच्या छाटणीला याचा थेट अर्थ होता. फांदीच्या बुडाशी असलेल्या त्या फुगवट्याच्या आत संरक्षणाचा एक पट्टा असतो. फांदी आपोआप वाळते तेव्हा झाड याच पट्ट्यात कुज अडवते आणि फांदी तिथूनच गळते. रानात हे सदोदित चालू असते. सपाट काप हा पट्टाच कापून टाकतो आणि खोड उघडे पडते. खुंट ठेवला तर पट्टा शाबूत राहतो, पण खुंट सडत राहतो आणि नवी साल त्यावर चढू शकत नाही. काप फुगवट्याच्या लगेच बाहेर हवा. फांदीच्या वरच्या बेचक्यात साल चुरगळून एक काळसर वळी उमटलेली असते. ती वळी आणि खालचा फुगवटा या दोन खुणा धरल्या की कापाची रेषा मिळते. ही रेषा खोडाशी समांतर क्वचितच असते, बहुधा ती खालच्या बाजूला खोडापासून थोडी दूर झुकलेली असते. काप बरोबर पडला असेल तर पुढच्या हंगामात नव्या सालीचे पूर्ण कडे चारी बाजूंनी उगवते. नुसते दोन बाजूंना ओठ आले तर काप जास्त आत गेला असे समजावे. डांबर आणि रंगांविषयीही शिगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या. लेप लावलेल्या आणि न लावलेल्या जखमांमधल्या कुजीत त्यांना उपयोगी फरक आढळला नाही. १९८६ मध्ये त्याचा ‘अ न्यू ट्री बायॉलॉजी’ हा ग्रंथ निघाला. त्यानंतर पाश्चात्त्य देशांतल्या छाटणीच्या मानकांतून सपाट काप हळूहळू बाहेर पडला.

जड फांदी एका कापात काढू नये, हे मात्र शिगोच्या आधीपासून जाणते माळी पाळत आले आहेत. आधी खोडापासून फूट-दीड फुटावर खालून काप द्यायचा, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. फांदी मोडून पडते तेव्हा फाटत आलेली साल खालच्या कापाशी थांबते. शेवटी उरलेला हलका खुंट हाताने धरून फुगवट्याबाहेर काढायचा. खालचा काप न देता वरून करवत चालवली तर पडणारी फांदी बुंध्यावरची साल लांबवर सोलत नेते. तेवढी मोठी जखम झाकायला झाडाला दहा वर्षेही अपुरी पडू शकतात.

महाराष्ट्रातल्या फळबागांत खालच्या फांद्या काढण्याचे कारण बहुधा दृश्याचे नसते. संत्र्याच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या काढतात त्या डिंक्यासारख्या रोगांच्या भीतीने. या रोगांची बुरशी मातीत राहते आणि पावसाच्या थेंबांनी उडून खालच्या पानाफळांवर आणि बुंध्यावर येते. काजूच्या कोवळ्या रोपांच्या बुडाकडच्या फांद्या पहिल्या काही वर्षांत काढून साधारण मीटरभर खोड मोकळे ठेवतात, म्हणजे खाली पडलेले बी गोळा करणे आणि तण काढणे सोपे जाते. कापावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मलम लावण्याची पद्धत इथे सर्वत्र आहे. डांबराविषयीचा निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. मलमातले तांबे ठरावीक बुरशींना थोपवते, डांबराकडून मात्र जखम कायमची बंद होण्याची अपेक्षा होती.

शहरातल्या झाडांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ मध्ये आला. त्याने नागरी भागांत वृक्ष प्राधिकरणे निर्माण केली आणि खाजगी आवारातल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावण्यावर बंधन घातले. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. मुंबईत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी रस्त्यांवरच्या झाडांची छाटणी होते. ओला घेर जड होतो, जूनमधला वारा त्याला झोडपतो आणि फांदी माणसावर किंवा गाडीवर पडू शकते, त्यामुळे हे काम टाळता येत नाही. पण घाईत रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या खालच्या फांद्या गेल्या की पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर एका अंगाला झुकतो. एरवी वाऱ्यात वेगवेगळ्या लयीने हलून धक्का विभागून घेणाऱ्या फांद्या उरत नाहीत, आणि जे टाळण्यासाठी छाटणी केली त्याचाच धोका वाढतो.

किती फांद्या काढाव्यात, याला आता सर्वमान्य मर्यादा आहेत. घेर उचलून झाल्यावर झाडाच्या एकूण उंचीच्या निदान दोन-तृतीयांश भागावर जिवंत घेर राहिला पाहिजे, असे ब्रिटनमधले वृक्षतज्ज्ञ सांगतात. बारा मीटरच्या झाडाचे खोड चार मीटरपेक्षा वर मोकळे करू नये, असा त्याचा हिशेब. त्यातही हे काम एका हंगामात उरकायचे नसते. फांदी मनगटाएवढी होण्याआधी काढली तर जखम लहान राहते आणि लवकर झाकली जाते, म्हणून खालच्या फांद्यांविषयीचा निर्णय झाड कोवळे असतानाच घ्यावा लागतो. पुढे जाणारच असलेल्या फांद्याही लगेच तोडत नाहीत. त्यांचे शेंडे खुडून त्या आखूड ठेवतात, म्हणजे त्या बुंध्याला जाड करत राहतात आणि कोवळ्या सालीवर सावली धरतात. खोड पुरेसे भरले की दर वर्षी एकदोन, अशा बेताने खालून वर त्या काढत जातात. जुन्या झाडाची मांडीएवढी जाड खालची फांदी अडचणीची असेल तर ती बुडापासून काढण्याऐवजी तिच्यावरच्या योग्य उपफांदीपर्यंत मागे घेतात, कारण तेवढ्या मोठ्या कापाभोवती भिंत उभारण्याची ताकद म्हाताऱ्या झाडात उरलेली नसते.